सावलीचं भाडं

निलंग्याच्या गुरुपादप्पाने आपलं लाकूड सावरगीच्या शेतात, भावजयीच्या आंब्याखाली उतरवलं, तेव्हा त्यात त्याचा तिहेरी फायदा होता. एक म्हणजे सावरगी गाव निलंगा नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे जकात नाही. दुसरं, वखारीत जागा उरली नव्हती आणि बाहेर भाड्याने घ्यायची तर उन्हातल्या जागेलाही लोक पैसे मागत होते. इथे गर्द सावली होती, आणि सावलीला भाडं लावायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. तिसरं, राखणदार ठेवायची गरज नव्हती. त्याची भावजय सिद्धम्मा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या झाडाखालीच असायची, कारण झाडाखाली तिचा नवरा होता.

'होता' म्हणजे खरोखरच होता. लिंगायतात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, तळहातावर लिंग देतात, वर विभूती, बेलाची पानं आणि माती. शिवमूर्ती, म्हणजे गुरुपादप्पाचा थोरला भाऊ, बहात्तरच्या दुष्काळात शेतात विहीर खणता खणता ऊन लागून गेला. चाळीस हात खोल गेला होता. पाणी काही लागलं नव्हतं. विहिरीपासून वीस पावलांवर त्याला बसवला. महिन्याने सिद्धम्माने समाधीच्या उशाशी रायवळ आंब्याची एक कोय पुरली आणि तिथेच एका दगडी चौथऱ्यावर आंघोळ करायला लागली, म्हणजे पाणी थेट कोयीला जाईल. बायका हसायच्या. सिद्धम्माक्का अजून धन्याला न्हाऊ घालती, म्हणायच्या. सिद्धम्माला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. तसंच तर होतं.

चौदा वर्षांत कोयीचा आंबा झाला. विहीर मात्र तशीच आ वासून राहिली. काठावर मुरमाचा ढीग शिवमूर्तीने टाकला तसाच पडून होता, आणि त्याला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही.

गुरुपादप्पाबद्दल निलंग्यात असं बोललं जाई की तो आगपेटीची काडी उभी चिरून दोनदा वापरतो. हे खोटं आहे. तो बिडीच ओढत नसे, काडी कशाला लागेल? पण दर सोमवारी तो एसटीने सावरगीला यायचा, आणि त्या तिकिटाला त्याने कधी कां कू केलं नाही. सिद्धम्मा लग्न होऊन घरात आली तेव्हा ती सोळा वर्षांची आणि तो सहा वर्षांचा. त्याची आई आधीच गेलेली. पुढची दहा वर्षं त्याचे केस तिनेच विंचरले आणि पाटीवरचा पहिला 'ओम नमः शिवाय' तिनेच गिरवून घेतला, तिला स्वतःला लिहिता येत नसताना. तिला मूल झालं नाही. तो तिला वैनी म्हणायचा, पण हाक ऐकणाऱ्याला ती 'अव्वा', म्हणजे आई, अशीच ऐकू यायची.

शहाऐंशी साल. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या. साहेब आधी पोचले होते आणि टेबलं मागून येत होती. कित्येक साहेब पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून सह्या करत होते. लातूरच्या एका ठेकेदाराकडून गुरुपादप्पाला त्या टेबलांचं लाकूड पुरवायचं काम मिळालं. सागवानात काही सुटत नव्हतं. म्हणून त्याने कुठल्याशा बंदरावर जहाजातून उतरलेलं, साल न काढलेलं, पांढऱ्या गाभ्याचं लाकूड मागवलं. कुठल्या मुलखातलं, ते आणणाऱ्या ट्रकवाल्यालाही सांगता आलं नाही. अर्ध्या लाकडाची टेबलं होऊन लातूरला गेली. उरलेले ओंडके पुढच्या मागणीची वाट बघत पौषापासून आंब्याखाली पडून राहिले.

त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. फाल्गुनातच पाण्यासाठी हापशावर घागरींची रांग लागायची. सिद्धम्माच्या वाट्याला दोन घागरी येत. एक प्यायला आणि स्वयंपाकाला, दुसरीने ती चौथऱ्यावर आंघोळ करी. चौथऱ्यावरून खाली जाणारं पाणी वर्षागणिक कमी होत गेलं, तसा आंब्याचा मोहरही. औंदा मोहर आला आणि जळून गेला.

अशात एका सकाळी समाधी झाडताना तिला दगडी नंदीच्या पाठीवर पांढरट, मऊ भुकटी दिसली. तिने फुंकर मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. नंदीच्या पाठीवर, लिंगाभोवती, चौथऱ्याच्या कडेला चिमूट चिमूट, कुणी हाताने ठेवावी तशी. ती इतकी मऊ होती की बोटाला लावली तर बोटाच्या रेषा भरून जात. सिद्धम्माची नजर अधू झालेली. फांद्यांवर दाभणाने टोचल्यासारखी भोकं पडली होती ती तिला खालून दिसली नाहीत. तिला दिसली ती विभूती. चौदा वर्षं जो माणूस बोलला नाही, त्याने इतक्या कोरड्या वर्षात काहीतरी धाडलं होतं.

तिने तीन बोटं कपाळावर ओढली, आणि फक्त शेजारच्या शेतातल्या पंचफुलाबाईला सांगितलं. पंचफुलाबाईला सांगणं आणि दवंडी देणं यात फरक एवढाच की दवंडीवाल्याला चार आणे द्यावे लागतात.

चार दिवसांत गाव लोटलं. मग शेजारची गावं. मोहर जळालेला, विहिरी आटलेल्या, लोकांना कुठलीतरी खूण हवीच होती. सिद्धम्मा प्रत्येकाला आंब्याच्या पानावर चिमूटभर भुकटी द्यायची. पैसा घेतला नाही. कुणी नारळ ठेवला तर तो तिथेच फोडून वाटला. गडबड केली ती पंचफुलाबाईनेच. ती म्हणाली, सिद्धम्माक्का, तुझ्या झाडाची एक वीतभर काटकी दे, माझ्या आंब्याच्या बेचक्यात बांधते, म्हणजे त्यालाही जरा अक्कल येईल. सिद्धम्माने काटकी मोडून दिली. मागून सगळेच काटकी मागायला लागले. कुणी आंब्याच्या बेचक्यात, कुणी चिंचेच्या, कुणी घराच्या चौकटीवर.

पुढच्या सोमवारी गुरुपादप्पा आला, तेव्हा शेतात जत्रेसारखी माणसं होती. त्याने चपला काढल्या, समाधीला हात जोडले आणि हात जोडलेले असतानाच त्याला ती भुकटी दिसली. लाकडात तीस वर्षं गेलेल्या माणसाला ती काय आहे हे समजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. लोकांची पाठ होती तोवर तो आपल्या ओंडक्यांकडे गेला आणि पायाने एक उलटवला. खाली तशीच भुकटी, पण चिमूटभर नाही, शेरभर. बोटाच्या पेराने ओंडका वाजवून पाहिला. आतून तो कोरड्या भोपळ्यासारखा वाजला.

परत आला तर सिद्धम्मा त्याची वाटच बघत होती. तिने त्याची टोपी स्वतःच वर सरकवली आणि त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली.

"तुझ्या अण्णांनी धाडलंय, गुरू," ती म्हणाली.

चौदा वर्षांत त्याने तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. त्या आधीही किती वेळा पाहिला होता, ते आठवावं लागलं असतं. मनातल्या मनात हिशेब करायची त्याला सवय होती. तोंड उघडलं तर काय जाईल आणि मिटलं तर काय राहील, हा हिशेब त्याने तिथेच, कपाळावर किड्याचं पीठ घेऊन केला. एरवी तो आधी स्वतःला मांडायचा, या खेपेला वैनीला मांडलं. कदाचित म्हणूनच चुकला, सराव नव्हता. गप्प राहिला. जेवला. जाताना लघवीच्या निमित्ताने झाडामागे गेला आणि जरा वेळाने आला.

दुसऱ्याच दिवशी ट्रक धाडून त्याने सगळे ओंडके वखारीत उचलून नेले. जकात भरली, पावती न वाचता खिशात घातली. शिवगंगा, त्याची बायको, तिला ही बातमी कळली तेव्हा तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पण लाकूड उचललं म्हणून किडा उचलला गेला नाही. तो आता आंब्यात होता.

चैत्र संपताना वखारीसमोर एक सरकारी जीप थांबली. भगवानराव उतरले. मूळचे धर्माबादकडचे, झाडांच्या रोगराईचं बघायला नव्या जिल्ह्यात नेमलेले. गोऱ्यागोमट्या चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांना दोन महिन्यांपूर्वी नवं टेबल मिळालं होतं. ते इतके खूश होते की पहिले आठ दिवस त्यांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवू दिला नाही. पुढे रोज सकाळी फायलींवर पीठ दिसू लागलं. शिपायाला रागावून झालं, मग टेबल उलटं करून बघितलं. झाडांच्या रोगराईचं बघणाऱ्या माणसाच्या टेबलालाच रोग लागला होता. ते ठेकेदाराकडे गेले, ठेकेदाराने निलंग्याचं नाव सांगितलं.

भगवानरावांनी गादीवर बसून खिशातून आगपेटी काढली आणि उघडून दाखवली. आत गव्हाच्या दाण्याएवढा एक काळा किडा होता, गोल, जणू दोन्ही टोकं तासलेला.

गुरुपादप्पा म्हणाला की लाकूड म्हटलं की कीड आलीच, साहेब.

"आपल्या लाकडातला किडा वाळलेलं खातो. ह्यो पाहुणा उभ्या झाडात शिरून राहिला," भगवानराव म्हणाले. "पाणी प्यालेलं झाड त्याला चिकात बुडवून मारतं. पण औंदा कुठल्या झाडाकडं चीक हाय?"

मग त्यांनी सावकाश, एकेक बोट मिटत सगळं सांगितलं. हे आत दडून असतात. मृगाचा पहिला शिडकावा झाला की बाहेर पडून उडतात. एका झाडातून शेकड्यांनी. त्याआधी कीड लागलेलं झाड तोडून जाळलं तर इथल्या इथे मिटेल. नाही तर पुढच्या पाच वर्षांत आंबराया बघायला मांजरा नदीच्या पार जावं लागेल. तेव्हा हे लाकूड इथे येण्याआधी कुठे ठेवलं होतं?

"इथंच," गुरुपादप्पा म्हणाला.

भगवानरावांनी आगपेटी मिटली, उठले, चपला घातल्या. जीपपर्यंत गेले. गुरुपादप्पा पायरीपर्यंत आला, आणि तिथून म्हणाला, "साहेब, सावरगीला ठेवलं होतं. माझ्या वैनीच्या झाडाखाली. पण तिला मी सांगतो. सोमवारपर्यंत थांबा."

भगवानराव जीपमध्ये बसले. त्यांनी विचारलं नाही की सोमवारच का. बरं म्हणाले.

त्या सोमवारी गुरुपादप्पा पहिल्या एसटीने आला. लोक अजून यायचे होते. सिद्धम्मा नुकतीच न्हाऊन ओल्या केसांनी समाधीपाशी बसली होती. आंब्याच्या शेंड्याची पानं तांबडी पडून गळायला लागली होती, आणि त्यावर उपाय म्हणून तिने पिण्याच्या घागरीतलंही अर्धं पाणी बुंध्याला घालायला सुरुवात केली होती.

त्याने सांगितलं. तो मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने काही वगळलं नाही. लाकूड, जकात, ओंडक्याखालचं पीठ, कपाळावरची तीन बोटं, महिनाभर गप्प बसलो ते. मग तिच्या हाताला धरून बुंध्यापाशी नेलं आणि तिची बोटं भोकांवरून फिरवली. एक, दोन, तीन. पुढे तिने स्वतःच बोट फिरवलं.

मग तिने विचारलं, "मंग मी इतक्या लोकांच्या कपाळाला काय लावलं रं?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"आन् तू लावून घेतलंस."

"हाव."

"ठाऊक असून."

"हाव, वैनी. तुझं तोंड बघून."

तो म्हणाला की झाड तोडून जाळावं लागेल, साहेबांचं तसं म्हणणं आहे. तेव्हा तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मुळ्या त्यांच्यापातुर गेल्यात. ह्यो आंबा न्हाई, तेच हायेत. आपल्यात जाळत न्हाईत, गुरू."

एवढं बोलून ती उठून घरात गेली. त्या दिवशी सोमवार असून त्याला जेवायला मिळालं नाही. तोही न मागता संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

मंगळवारी भगवानरावांची जीप आली. त्यांनी आपल्या परीने शहाणपणा केला. आधी काटक्या परत गोळा कराव्यात म्हणून ग्रामसेवकाकडून गावात पुकारा करवला. दिवसभरात चार काटक्या आल्या, त्यातली एक चिंचेची. उलट बातमी अशी पसरली की सरकार देवाचं झाड जाळायला निघालंय. शंभरेक माणसं झाडाभोवती येऊन बसली. पंचफुलाबाई सगळ्यात पुढे, बुंध्याला पाठ लावून. भगवानराव जीपच्या सावलीत उभे राहून घाम पुसत होते. कीड मारायचं शिक्षण झालं होतं. माणसं उठवायचं नव्हतं.

तेवढ्यात गुरुपादप्पा आला. मंगळवारी. गावाने हे कधी पाहिलं नव्हतं. तो माणसांतून वाट काढत सिद्धम्माच्या दारात गेला आणि बाहेरच उभा राहिला. थोड्या वेळाने ती टोपलं घेऊन बाहेर आली.

ती झाडापाशी येऊन लोकांना म्हणाली, "म्या दिलं, ते मला ठाऊक नसताना दिलं. त्यांनी धाडलेलं न्हाई ते. किडा हाय. माझं उसनं समजा आन् परत द्या."

तिने आवाज चढवला नाही. पण त्या भागात उसनं दिलेलं मीठसुद्धा परत मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. घरात नसेल तर शेजारून आणून देतात. पंचफुलाबाईने पाठ बुंध्यापासून काढली. ती बडबडत आपल्या शेतात गेली आणि काटकी घेऊन आली. टाकताना म्हणाली की माझ्या आंब्याला अक्कल यायच्या आधी किडा आला बघ.

झाडावरून मोडलेल्या काटक्या त्रेसष्ट. तिला अंक लिहिता येत नव्हते, पण कुणाला दिली ते एकेक माणूस आठवत होतं, कारण तिने आपल्या हाताने मोडून दिली होती. ती पुढे आणि टोपलं डोक्यावर घेऊन गुरुपादप्पा मागे. पांढरं धोतर, टोपी, टोपीवर टोपलं. निलंग्याचा लाकूडव्यापारी दारोदार काटक्या गोळा करत फिरतोय हे बघायला लोक उंबऱ्यात यायचे. कुणी म्हणालं, गुरुपादप्पा, आता जळणाची वखार काढणार काय? त्याने टोपलं सावरलं आणि भाव विचारला. कुणाच्या घरी चहा झाला, कुणाकडे बाचाबाची. तीन काटक्या औराद शहाजानीला गेल्या होत्या. तिथे ते दोघं एसटीने गेले आणि तिकीट त्याने काढलं. जिथे काटकी बेचक्यात बांधली होती तिथे भगवानराव मागून जाऊन झाडाला चुना लावून खूण करत होते.

तीन दिवसांत साठ काटक्या परत आल्या. दोन चुलीत गेल्याचं घरच्यांनी शपथेवर सांगितलं. बासष्ट. चौथ्या दिवशी सकाळी सिद्धम्मा टोपल्यासमोर बसली आणि बोटांवर पुन्हा सगळी माणसं मोजली. सगळ्यांकडून झालं होतं. मग तिने वर पाहिलं.

"तुझी, गुरू?"

त्याला काटकी तिने दिली नव्हती. त्याने झाडामागे जाऊन मोडली होती. पण मोडलेलं टोक तिच्या हाताला लागलं होतं. आपल्या झाडाची प्रत्येक मोडलेली फांदी तिला माहीत होती.

तो निलंग्याला गेला आणि दुपारच्या गाडीने परत आला. काटकी रुमालात गुंडाळून गल्ल्यात, नोटांच्या खाली ठेवलेली होती. ती काय आहे हे त्रेसष्ट माणसांत त्या एकट्यालाच घेताना माहीत होतं. रुमाल सोडला तेव्हा आत चिमूटभर पीठ पडलं होतं, आणि गल्ल्यातल्या दोन नोटांनाही लागलं होतं. त्याने काटकी टोपल्यात टाकली.

"किडा हाय, हे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"अण्णाचं झाड बी होतं ना."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. घाम होता, असं तिथे असलेल्या पंचफुलाबाईने नंतर सांगितलं. आणि पंचफुलाबाई काही लपवायच्या गावची नव्हे.

प्रश्न झाडाचा राहिला. सिद्धम्मा भगवानरावांसमोर जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, जाळायच्या ऐवजी पुरलं तर किडा मरतो का? भगवानरावांनी कागद काढला. कागदावर जाळणेच होतं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं की किती खोल पुरणार. सिद्धम्माने विहिरीकडे बोट केलं.

भगवानराव काठावर जाऊन खाली वाकले. चाळीस हात. वर मुरमाचा ढीग, जितकं काढलं तितकंच. ते म्हणाले की वरून वीस हात माती घट्ट चोपली तर तिथून वर यायला त्या किड्याला सात जन्म लागतील.

ज्येष्ठाच्या दुसऱ्या आठवड्यात झाड उतरवलं. करवत समाधीला लागू नये म्हणून दोर बांधून एकेक फांदी खाली घेतली. जंगमांना, म्हणजे लिंगायत पुरोहितांना, बोलावलं तर ते म्हणाले, झाडाचा असा काही विधी नाही. पण आले, आणि शंखही आणला. बुंधा सगळ्यात शेवटी. काटक्यांचं टोपलं टोपल्यासकट आत गेलं. शिवगंगाने घरून खऱ्या विभूतीचे गोळे आणले होते, सिद्धम्माने बेलाची पानं टाकली. मग मुरूम. ज्या शंभर माणसांनी झाड राखायला बैठक मारली होती, त्यांनीच घमेली उचलली. गुरुपादप्पाच्या वखारीतले ओंडके त्याआधीच तळाशी गेले होते. शिवमूर्तीने चौदा वर्षांपूर्वी उपसलेला मुरूम पुरेपूर पुरला. एक घमेलंही बाहेरून आणावं लागलं नाही. वरचा थर लोकांनी अनवाणी पायांनी तुडवून बसवला. सिद्धम्मा कडेला बसून होती. तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही. त्या वर्षी पाणी कुणीच वाया घालवत नव्हतं.

चार दिवसांनी मृगाचा शिडकावा झाला. भगवानराव पाच पांढरी कापडं खुणेच्या झाडांखाली अंथरून आठ दिवस गावात मुक्काम करून राहिले. फक्त पंचफुलाबाईच्या आंब्याखालच्या कापडावर सात किडे मिळाले. ते झाडही गेलं. बाकी झाडं राहिली. आजपर्यंत तरी आहेत.

आता कोणी किती भरलं ते. भगवानरावांचं टेबल त्यांनी स्वतःच जाळलं आणि पुढचं दीड वर्ष पुन्हा पत्र्याच्या पेटीवर सह्या केल्या. अहवालात त्यांनी 'झाड नष्ट केले' एवढंच लिहिलं. कसं, ते कुणी विचारलं नाही. पंचफुलाबाईचं लोणचं त्या वर्षापासून विकतच्या कैऱ्यांचं झालं, आणि ते तिने उभ्या गावाला ऐकवलं. गुरुपादप्पाचं टेबलांचं काम गेलं, लाकूड गेलं आणि वाचवायला निघालेली जकात भरून झालीच होती. सिद्धम्माचं काय गेलं ते समाधीपाशी जाऊन बघावं. तिथे आता दिवसभर ऊन असतं. गुरुपादप्पाने पत्र्याचं छप्पर घालून देतो म्हटलं, तर तिने नको म्हटलं. त्यांना पत्र्याचा आवाज आवडायचा नाही, म्हणाली.

तेव्हा सोमवारी तो एसटीने येतो आणि येताना शिवगंगाची काळी छत्री घेऊन येतो. वैनी न्हाऊन समाधीपाशी पूजेला बसली की तिच्या मागे उभा राहतो आणि ऊन सरकेल तशी छत्री सरकवतो. ती पूजा सावकाश करते. पाय दुखतात, पण तो बसत नाही. शेतावरून जाणारे हसतात. पौष ते फाल्गुन, सावलीचं भाडं त्या वर्षी त्याने दिलं नव्हतं. ते तो आता उभ्याने फेडतोय.